नकाशात घर आलं, की हक्क मिळतो का? आंबागड ते नागपूर, आणि पुढे

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात आंबागड नावाचं गाव आहे. गावाजवळच्या डोंगरावर त्याच नावाचा किल्ला आहे. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांच्या वतीने या भागाचा कारभार पाहणारे राजा खान पठाण यांनी 1700 च्या सुमारास तो बांधला. याच बख्त बुलंद शाह यांनी बारा खेडी एकत्र करून 1702 मध्ये नागपूर शहराचा पाया घातला. म्हणजे आंबागडचा किल्ला आणि नागपूर शहर ही एकाच राजवटीत, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने उभी राहिलेली दोन ठिकाणं. आज किल्ला झाडाझुडपांत आहे आणि नागपूरला मेट्रो धावते.

दोघांमधलं नातं मात्र तुटलेलं नाही. धानाची कामं सरली की तुमसर, मोहाडी भागातली माणसं नागपूरची वाट धरतात. कुणी बांधकामावर, कुणी गॅरेजमध्ये, कुणी वेल्डिंगच्या दुकानात, कुणी हॉटेलात. काही जण परत येतात, काही तिथेच राहतात. आधी भाड्याची खोली, मग एखाद्या वस्तीत चार पत्रे टाकून स्वतःचं घर. पोरं तिथल्याच शाळेत जातात, मतदानही तिथेच होतं.

आता एक गंमत बघा. गावातल्या घराची मोजणी करायला सरकार ड्रोन पाठवतं. गावठाणातल्या घरांच्या कडेने आधी चुन्याच्या रेषा मारतात, मग वरून ड्रोन फोटो काढतो आणि त्यावरून प्रत्येक घराचा नकाशा व मिळकत पत्रिका तयार होते. ही पद्धत आधी पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात करून पाहिली गेली. पुढे 24 एप्रिल 2020 ला केंद्राने 'स्वामित्व' या नावाने देशभरासाठी अशीच योजना जाहीर केली. गावातल्या जुन्या घराला असा कागद मिळण्याची सोय झाली. पण त्याच घरातला जो मुलगा पंधरा वर्षांपूर्वी नागपूरला गेला, त्याच्या शहरातल्या घराचं काय? तिथे 'स्वामित्व' लागू नाही, कारण ती योजना गावठाणासाठी आहे. शहरातली झोपडपट्टी हा वेगळा कायदा, वेगळं खातं आणि वेगळी रांग.

या लेखात आम्ही याच रांगेबद्दल बोलणार आहोत. ड्रोन, उपग्रह, मोबाईल, संगणकाचा नकाशा ही सगळी साधनं शहरातली विषमता कमी करायला खरंच उपयोगी पडतात का? पडली तर कुठे, आणि कुठे उलटी फिरतात?

हा आपल्याच घरचा प्रश्न का आहे

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातले साधारण 45 टक्के लोक शहरांत राहतात. राज्यातल्या मुस्लिमांमध्ये हेच प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे शहरात पाणी कुणाला मिळतं, गटार कुठपर्यंत येतं, शाळा कुठे उघडते, याचा आपल्या समाजावर इतरांपेक्षा जास्त परिणाम होतो. राज्य सरकारने नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान समितीने 2013 मध्ये आपला अहवाल दिला. त्यात मुस्लिमांचं शिक्षण, रोजगार आणि घरांची स्थिती यांचं जे चित्र आहे ते बहुतांशी शहरी वस्त्यांचंच चित्र आहे. नागपूरपुरतं बोलायचं तर 2011 मध्ये शहराची लोकसंख्या 24 लाखांच्या घरात होती आणि त्यातले साडेआठ लाखांहून जास्त लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. तीन माणसांमागे एक, त्याहूनही थोडं जास्त.

विषमता म्हटलं की आपण जिल्ह्यांची तुलना करतो. पुणे पुढे, गडचिरोली मागे. पण 2023 मध्ये सॅम ॲशर, पॉल नोवोसाद, अंजली अदुकिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध पुढे आणला. सरकारच्याच जुन्या गणनांची माहिती संगणकावर जोडून त्यांनी देशभरातले सुमारे 15 लाख मोहल्ले तपासले. इतक्या लहान पातळीवर इतकी मोठी पाहणी हाताने करणं अशक्यच. त्यात दिसलं की भारतातले 26 टक्के मुस्लिम अशा मोहल्ल्यांत राहतात जिथे 80 टक्क्यांहून जास्त वस्ती मुस्लिमांचीच आहे. आणि अशा मोहल्ल्यांत सरकारी शाळा, दवाखाना, पाणी, गटार या सोयी ठळकपणे कमी आहेत. दलित मोहल्ल्यांचंही बऱ्याच बाबतीत असंच.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष आम्हाला वेगळाच वाटतो. हा भेदभाव जिल्हा किंवा शहर यांच्या सरासरीत फारसा दिसत नाही. तो एकाच शहरातल्या दोन मोहल्ल्यांमध्ये असतो. जिल्ह्याचा आकडा चांगला असतो, शहराचाही बरा असतो, आणि तरी नाल्यापलीकडच्या वस्तीत शाळा नसते. दिल्लीतून किंवा मुंबईतून निधी निघतो तेव्हा तो शहरापर्यंत पोहोचतो. शहरात आल्यावर तो कोणत्या गल्लीत वळतो हे वॉर्डात ठरतं. म्हणून गल्लीचा नकाशा लागतो.

आधी खडू आणि वही होती

नोंद नसली की काय होतं, हे मुंबईने 1985 मध्ये पाहिलं. फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याविरुद्ध ओल्गा टेलिस आणि इतरांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1985 मध्ये निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने मान्य केलं. पण महापालिकेला हटवण्याची मुभाही राहिली. पर्यायी जागा द्यायला सांगितली ती 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना. दोन कुटुंबं शेजारी शेजारी राहत असतील, एकाचं नाव यादीत आणि दुसऱ्याचं नाही, तर दोघांचं भवितव्य वेगळं.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या फूटपाथवासीयांची गणना केली. सुमारे सहा हजार कुटुंबं मोजली गेली आणि 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने तिचा अहवाल निघाला. लोक कुठून आले, किती वर्षं झाली, काय काम करतात, पाणी कुठून आणतात, हे सगळं कागदावर आलं. फूटपाथवरची माणसं म्हणजे काल आलेली, उद्या जाणारी, हा समज त्या आकड्यांनी खोडला. कित्येक कुटुंबं तिथे एक पिढी राहून झाली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या बायकांनी 'महिला मिलन' उभी केली. त्यात मुस्लिम बायका मोठ्या संख्येने होत्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी बचतीचे हिशेब ठेवले आणि आपल्या घराचा आराखडा कापड पसरून, जमिनीवर मापं टाकून समजून घेतला.

इथे ना संगणक होता ना मोबाईल. तरी आजच्या नकाशाच्या तंत्राला जे काम करायचं आहे, तेच काम तिथे झालं होतं.

पुण्याने काय केलं

पुण्यात वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने याच कामाला संगणकाची जोड दिली. तंत्राचं नाव जीआयएस. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. ट्रेसिंग पेपरचे चार-पाच कागद एकावर एक ठेवले आहेत अशी कल्पना करा. सगळ्यात खाली उपग्रहाचा फोटो. त्यावर घरांच्या कडा. त्यावर पाण्याची पाईपलाईन. त्यावर ड्रेनेज. सगळ्यात वर प्रत्येक घराची माहिती: माणसं किती, घरात संडास आहे की नाही, नळ आहे की नाही. हे सगळे कागद एकाच वेळी आरपार दिसले की वाद उरत नाही. कोणत्या चाळीस घरांना संडास नाही आणि त्यांच्यापासून ड्रेनेज किती फुटांवर आहे, हे बोट ठेवून सांगता येतं.

वस्तीतली माहिती गोळा करायला वस्तीतल्याच बायका गेल्या. हा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. कारण उपग्रहाला छप्पर दिसतं, छपराखालची माणसं दिसत नाहीत. निळी ताडपत्री वरून एकच दिसते, तिच्याखाली पडदा लावून दोन भावांचे दोन संसार असतात. वर माळ्यावर भाडेकरू असतो. ड्रोन त्याला एक घर म्हणून मोजतो. शेजारीण त्याला तीन घरं म्हणून मोजते. आणि शेजारणीचं मोजणं खरं असतं.

या नकाशांवरून पुढे 'एक घर, एक शौचालय' हा उपक्रम उभा राहिला. बांधकामाचं सामान घरापर्यंत पोहोचवायचं, मजुरी आणि बांधकाम घरच्यांनी करायचं, जोडणीसाठी महापालिकेला सोबत घ्यायचं. पुणे, पिंपरी-चिंचवड, सांगली-मिरज-कुपवाड, कोल्हापूर, नवी मुंबई, ठाणे अशा शहरांत हजारो घरांत असे संडास झाले. सार्वजनिक संडासात अंधार पडल्यावर जायला घाबरणाऱ्या मुलींसाठी याचा अर्थ काय, हे आपल्या घरातल्या अम्मीला किंवा बहिणीला विचारा. दिवसभर पाणी कमी पिणं, रात्री पोट दाबून ठेवणं, यावर संगणकाने थेट काही केलं नाही. पण कोणत्या घराला आधी द्यायचं आणि जोडणी कुठून न्यायची, हे ठरवायला नगरसेवकाच्या मर्जीऐवजी नकाशा हाती आला.

पत्ता म्हणजे नेमकं काय

'मशिदीच्या मागे, पिंपळाजवळ, रफिकभाईच्या किराण्याच्या बाजूला.' आपल्या निम्म्या वस्त्यांचे पत्ते असेच आहेत. पोस्टमन ओळखीचा असेल तर पत्र येतं. नवा आला की परत जातं. 108 ला फोन केला की पहिला प्रश्न 'कुठे?' हाच असतो, आणि रात्री दोन वाजता पिंपळ कुणाला दिसत नाही.

यावर दोन साधनं आज फुकट उपलब्ध आहेत. एक गुगलचं 'प्लस कोड'. पृथ्वीवर आडव्या-उभ्या रेषांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनाला अक्षरं व आकडे मिळून एक कोड द्यायचा, एवढीच युक्ती. नेहमीच्या लांबीचा कोड साधारण 14 मीटर बाय 14 मीटरचा चौकोन दाखवतो. एक अक्षर वाढवलं की तो तीनेक मीटरवर येतो. गोंधळ होऊ नये म्हणून शून्य आणि एक हे आकडे तसेच इंग्रजीतले स्वर त्यात मुद्दाम वगळले आहेत. पुण्यात येरवड्याच्या लक्ष्मीनगर वस्तीत शेल्टर असोसिएट्सने घराघरांवर असे कोड लावून पाहिले आहेत.

दुसरं साधन आपल्या टपाल खात्याचं, 'डिजिपिन'. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीने तयार झालेलं हे दहा अक्षरी चिन्ह मे 2025 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याचा चौकोन जेमतेम चार मीटर बाय चार मीटरचा. म्हणजे आपल्या वस्तीतल्या एका खोलीएवढा.

मोबाईलवर दोन मिनिटांत हे कोड निघतात. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, काढून दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवू दे. पण एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. हा कोड म्हणजे घर कुठे आहे याची खूण आहे. घर कुणाचं आहे याचा तो पुरावा नाही. 'कोड मिळाला, आता घर पक्कं झालं' असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

शाळेचा बलून

पत्त्याची जागा एका ठिकाणी फार महागात पडते. ते ठिकाण म्हणजे आरटीईचे 25 टक्के प्रवेश. खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या या जागांसाठी अर्ज ऑनलाईन भरावा लागतो आणि त्यात नकाशावर बलून सरकवून घराची जागा दाखवावी लागते. त्या बिंदूपासून शाळा एक किलोमीटरच्या आत आहे की तीनच्या, हे संगणक मोजतो. एक किलोमीटरमधल्या मुलांना आधी संधी. ज्या वस्तीला नीट पत्ताच नाही तिथले पालक सायबर कॅफेत जातात. तिथला पोरगा घाईघाईत बलून मुख्य चौकावर टाकतो आणि फॉर्म 'सबमिट' करतो. मग लॉटरीत नंबर लागला तरी कागदपत्रांच्या पडताळणीत पत्ता आणि बलून जुळत नाहीत, आणि प्रवेश रद्द होतो. लॉटरीतून मिळालेली जागा बोटाच्या एका चुकीने जाते.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खाजगी शाळांना या प्रवेशांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. म्हणजे जागा शाबूत आहेत. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो, साधा बाँडपेपर चालत नाही. तो अर्ज सुरू होण्याआधीच करून ठेवावा लागतो. आणि बलून स्वतः घरात उभं राहून, मोबाईलचं लोकेशन चालू करून टाका. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा या 25 टक्क्यांत येत नाहीत, त्यामुळे त्यांची नावं यादीत शोधत बसू नका.

शेख, शैख आणि संगणक

आता जिथे आपली माणसं सगळ्यात जास्त अडकतात त्या मुद्द्याकडे येऊ. माणसाला 'मो. रफीक शेख', 'मोहम्मद रफिक शेख' आणि 'शेख रफीक मोहंमद' हा एकच माणूस आहे हे कळतं. संगणकाला कळत नाही. तो अक्षरं जुळवतो. मतदार यादीत एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं आणि शाळेच्या दाखल्यावर चौथं. देवनागरीतून इंग्रजीत जाताना पुन्हा नवे फाटे फुटतात, कारण 'शेख' इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहितात. बायकांचं तर विचारूच नका. लग्नाआधी नावापुढे 'बी', नंतर 'बानो', कुठे वडिलांचं नाव, कुठे नवऱ्याचं, कुठे आडनावच नाही. 'खातून' हे आडनाव समजून टाईप करणारे कारकूनही आहेत.

जुन्या काळी तलाठ्यासमोर दोन साक्षीदार उभे केले की काम व्हायचं. ऑनलाईन पद्धतीत तो साक्षीदार गेला. वेग आला आणि माफी गेली, असं आम्हाला दिसतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म परत येतो, अनुदान बँकेत अडकतं, आणि कारण म्हणून पडद्यावर दोनच शब्द येतात, 'नाव जुळत नाही'.

यावर जादू नाही, पण क्रम आहे. कुटुंबात बसून आधी एकच स्पेलिंग ठरवा, शक्यतो शाळेच्या दाखल्यावरचं. त्यानुसार आधार दुरुस्त करा, मग बँक, मग मतदार यादी, मग रेशनकार्ड. फरक मोठा असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. तो एक कागद पुढे सगळीकडे चालतो. लहान मुलांच्या बाबतीत जन्मनोंदणीच्या दिवशीच स्पेलिंग लिहून न्या, दवाखान्यातल्या माणसावर सोडू नका.

मोहल्ल्याच्या पातळीवर याहून चांगलं काम होऊ शकतं. ज्या मशिदीच्या किंवा मदरशाच्या आवारात एक खोली आहे, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ लॅपटॉप घेऊन दोन शिकलेली मुलं-मुली बसली तर शंभर कुटुंबांची कागदपत्रं वर्षभरात सरळ होतील. मुलगी असणं गरजेचं आहे, कारण बायकांच्या नावांचे घोळ जास्त आहेत आणि त्या आपली अडचण मुलीलाच मोकळेपणाने सांगतात. यात कुठला मोठा निधी लागत नाही.

नागपूरचा पट्टा

आंबागडकडून गेलेल्या मुलाकडे परत येऊ. नागपुरात त्याच्या घराला कागद मिळण्याचा रस्ता आहे, त्याला तिथे 'मालकी पट्टा' म्हणतात. शासकीय जमिनीवर 1 जानेवारी 2011 पूर्वीपासून राहणाऱ्यांची घरं 'सर्वांसाठी घरे' या धोरणाखाली नियमित करण्याचा निर्णय राज्याने 2018 मध्ये घेतला. त्यासाठी वस्तीची मोजणी, प्रत्येक घराचा नकाशा, राहणाऱ्याचे पुरावे आणि मग नोंदणी, असे टप्पे आहेत.

इथे पहिला प्रश्न असा की जमीन कुणाची. महापालिकेची, नागपूर सुधार प्रन्यासची, नझूलची, रेल्वेची, की खाजगी? एकाच वस्तीचा अर्धा भाग एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा असू शकतो. पूर्व विदर्भात त्यात 'झुडपी जंगल' ही आणखी एक गाठ आहे. कागदावर जंगल, जमिनीवर घरं. नागपूर आणि भंडारा दोन्ही जिल्ह्यांत हा प्रकार आहे. राज्याचा 2018 चा निर्णय रेल्वेच्या किंवा खाजगी जागेला आपोआप लागू होत नाही. डिजिटल नकाशाचा खरा उपयोग इथे होतो. मोजणीचा नकाशा आणि जमिनीच्या मालकीचा नकाशा एकावर एक ठेवला की कोणती घरं कुणाच्या जागेवर आहेत ते उघड होतं. तो नकाशा बघायला मागणं हा वस्तीचा हक्क आहे. माहिती अधिकाराखाली त्याची प्रत मागता येते.

दुसरा प्रश्न तारखेचा. 2011 च्या आधीपासून तुम्ही तिथे होतात हे दाखवायला जुनी मतदार यादी, लाईट बिल, घरटॅक्सची पावती, मुलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड कामाला येतात. बऱ्याच घरांत हे कागद लोखंडी पेटीत असतात आणि पावसाळ्यात पाणी शिरलं की जातात. आजच मोबाईलवर फोटो काढा आणि डिजिलॉकरमध्ये किंवा निदान घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा. शुल्क प्रवर्गानुसार बदलतं, म्हणून ओबीसीत मोडणाऱ्या मुस्लिम बिरादरींनी जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. आणि पट्ट्यावर घरच्या बाईचं नाव लागेल हे बघा. नवरा गेला किंवा सोडून गेला तर तिला रस्त्यावर यावं लागू नये.

नकाशा उलटाही फिरतो

इथवर वाचून वाटेल की मोजणी झाली की भलं झालं. तसं नाही. मुंबईत धारावीचं सर्वेक्षण मार्च 2024 मध्ये सुरू झालं. ड्रोन, लेझरने मोजणारी यंत्रं, प्रत्येक घराला नंबर, मोबाईल ॲपवर माहिती, असं सगळं अद्ययावत. पण त्या अद्ययावत नकाशावर शेवटी एक तारीखच लावली जाते. तळमजल्यावर 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून राहणाऱ्याला धारावीतच 350 चौरस फुटांचं घर मोफत. त्यानंतर 2011 पर्यंत आलेल्यांना धारावीबाहेर, 300 चौरस फूट, अडीच लाख रुपये भरून. वरच्या मजल्यावरच्यांसाठी आणखी वेगळा, धारावीबाहेरचा पर्याय. धारावीत चामड्याचं, शिलाईचं, भंगाराचं काम करणारी हजारो मुस्लिम कुटुंबं आहेत. घर आणि कारखाना एकाच जिन्यावर असलेल्या माणसाला दूर घर दिलं तर त्याचा धंदा कुठे जाणार?

यंत्राने मोजणी अचूक केली. कोण पात्र आणि कोण अपात्र हे यंत्राने ठरवलेलं नाही, ते सरकारी निर्णयाने ठरलं. म्हणून मोजणीला दार उघडताना दोन गोष्टी विचाराव्यात: ही माहिती कोणत्या निर्णयाखाली घेताय, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मला कधी मिळेल. प्रत न घेता सही किंवा अंगठा देऊ नका.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. 2019-20 मध्ये नागरिकत्वाच्या वादामुळे आपल्या मोहल्ल्यांत वही घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं गेलं. ती भीती समजण्यासारखी होती. तिचा परिणाम असा झाला की साध्या आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या पाहणीलाही दारं बंद झाली. दार बंद झालं की नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही की पुढच्या वेळी शाळा मागायला हातात आकडा नसतो.

2027 च्या जनगणनेसाठी हे लक्षात ठेवायला हवं. 2011 नंतरची ही पहिली जनगणना, आणि पहिल्यांदाच ती मोबाईलवर भरली जाणार आहे. घरयादीच्या टप्प्यात घराचं छप्पर, पिण्याचं पाणी, संडास, सांडपाणी, स्वयंपाकाचं इंधन यांची नोंद होते. माणसांच्या मोजणीसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे, आणि जातीचीही नोंद होणार आहे. 1948 च्या जनगणना कायद्यानुसार तुमची वैयक्तिक माहिती कुणालाही पाहायला मिळत नाही आणि पुरावा म्हणून कोर्टातही वापरता येत नाही.

प्रगणक गावातही येणार आणि शहरातही. आंबागडच्या घरी अब्बा सवयीने नागपूरच्या मुलाचंही नाव सांगतील, 'आमचाच आहे, ईदला येतो.' तो सहा महिन्यांहून जास्त नागपुरात राहत असेल, तर त्याचं, त्याच्या बायकोचं आणि पोरांचं नाव नागपूरच्या त्या पत्र्याच्या घरातच लागलं पाहिजे. नळ आणि संडास त्यांना तिथे हवाय. अब्बांना हे आधीच फोन करून सांगून ठेवा.